चौथं कडवं

एप्रिल लागला की आमच्या अधारतालमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, कूलर आणि डीजे. कूलर दिवसभर घरघरतो, डीजे संध्याकाळी दणाणतो, आणि दोघांच्या मध्ये माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. शहराबाहेर शहपुऱ्याकडे गहू निघालेला असतो. शेतात उरलेली नरवाई, म्हणजे गव्हाची धसकटं, जाळतात, तिचा धूर वाऱ्यावर शहरापर्यंत येतो आणि दोरीवरच्या कपड्यांना जळका वास लागतो. घरात कूलरमधल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, ओला, मातकट वास. गल्लीच्या तोंडाशी निळ्या पताका, विहाराच्या भिंतीला नवा चुना, आणि घराघरात इस्त्री करून ठेवलेले पांढरे कपडे. आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची, हे सांगावं लागत नाही. लोक वर्षभर या महिन्याची वाट पाहतात. एके काळी मीही पाहायचे.

या एप्रिलात पलकचा मेसेज आला. पलक म्हणजे माझ्या आतेबहिणीची मुलगी. शहरातच मदन महलला राहते, नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते, म्हणून ती हिंदीत लिहिते. "मावशी, म्यूज़िक प्रोडक्शन शुरू कर रही हूँ. बिगिनर के लिए कौन सा सिंथ सही रहेगा? वो जयंती वाला टन-टन बनाना है. ट्रेडिशनल वाला."

सिंथ म्हणजे सिंथेसायझर. पूर्वी तो पेटीत यायचा, आता लॅपटॉपमध्ये येतो. पडद्यावर बटणं असतात, ती फिरवून नसलेला आवाज तयार करायचा. कोणता घ्यावा, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, कारण परीक्षा संपलेल्या असतात आणि मुलांना वाटतं की दोन महिन्यांत आपण कोणीतरी होऊ. मी साधारण एकच ठरलेलं उत्तर देते. पण या खेपेला मी 'ट्रेडिशनल' या शब्दाशी अडले. ट्रेडिशनल म्हणजे ज्याचा करणारा कोण, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही असं काहीतरी. तो टन-टन आवाज मी केला आहे. याच खोलीत, याच कूलरसमोर, अशाच एका एप्रिलच्या आधी. पलक तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागली असेल.

बाबा इथल्या सरकारी फॅक्टरीत होते. आजोबा विदर्भातून इथे हिंदी मुलखात आले तेही फॅक्टरीच्या भरतीसाठीच. मराठी, जयंती आणि बँजो या तीन गोष्टी आमच्या घरात तिकडूनच आल्या. बँजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची. आवाज चिरका, पण गर्दीच्या डोक्यावरून पलीकडे पोचणारा. बाबा बँजो वाजवायचे, गाणी लिहायचे, आणि त्यांची बहीण, माझी आत्या, ती गायची. पलकची ती आजी. विहारापुढच्या मांडवात ही दोघं बसली की मी स्टेजच्या कडेला वायर धरून उभी असायचे. माइकची वायर हलली की आवाज जायचा, म्हणून ती धरायला माणूस लागायचं.

आमच्या गाण्यांची एक रीत आहे. लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आधी ज्यांच्यासाठी गाणं आहे त्यांचं, मग लोकांचं, आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, आपलं. बाबांचं नाव दौलत. एकदा एका कार्यक्रमात बाहेरगावच्या गायकानं बाबांचंच गाणं बाबांच्या समोर गायलं आणि शेवटच्या कडव्यात दौलतच्या जागी स्वतःचं नाव बसवलं. मात्रा अगदी बरोबर जुळल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. घरी आल्यावर चप्पल काढता काढता ते एवढंच म्हणाले, "रेकॉर्ड पाहिजे होतं. रेकॉर्डमधलं कोणी बदलवू शकत नाही." त्या माणसावर ते चिडले नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचंही मीच चिडले. अजून चिडलेलीच आहे.

मग त्या वर्षीच्या थंडीत त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत होता, त्यामुळे तार छेडता यायची, पण बटण दाबायला हात नाही, म्हणून एकच सूर निघायचा. दुपारभर ते तो एकच सूर वाजवत बसत. आई म्हणायची, "बंद करा न आता, डोकं दुखून राहिलं माझं," आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. त्या अवस्थेत त्यांनी एक गाणं रचलं. बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द दोनदा म्हणावा लागायचा. चार कडवी. चौथं असं होतं:

बापानं दिला अंगठा, लेकानं केली सही,
दौलत म्हणतो, आता नाव पुसणार नाही.

जयंती मंडळाचा गुड्डू भैया घरी आला, बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अंकल जी, आप बस गाना रेडी करवा दो. जुलूस में अपनी गाडी पे बजेगा, आपके गेट के सामने बजेगा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दुसरं काही नको होतं. मेन रोडवरून जाणाऱ्या डीजेच्या गाडीतून, हजार माणसांत, आपलं नाव एकदा ऐकायचं होतं. आणि ते रेकॉर्ड करायचं काम माझ्यावर आलं, कारण माझ्याकडे लॅपटॉप होता आणि मी व्हिडिओ पाहून पाहून संगीत शिकत होते.

तर मी सिंथ निवडायला बसले. आता हसू येतं, पण गोड हसू नाही. व्हिडिओंमधली सगळी तज्ज्ञ मंडळी एका सिंथचं नाव घेऊन शपथा घ्यायची, म्हणून मी आधी तो उतरवला. तो उघडला की लॅपटॉपचा पंखा कूलरपेक्षा मोठ्यानं फिरायचा आणि मग पडदाच गोठायचा. दुसऱ्यात हजारो आवाज तयार होते. एकावर क्लिक करा, मग पुढच्यावर, मग पुढच्यावर. दुपार निघून जायची आणि गाण्याची एक ओळही पुढे सरकलेली नसायची. तिसरा होता तो फुकट वापरून बघायचा, आणि पैसे भरले नव्हते म्हणून दर थोड्या वेळानं मध्येच सूं करून खरखर सोडायचा. बाबा पलंगावरून म्हणायचे, "कूलरचा पंप खराब होऊन राहिला वाटते." त्या सिंथच्या कंपनीला आपण गरिबांना लाजवतो आहोत याचं फार समाधान असावं.

निवडत बसण्यात एक सोय असते. अजून काही बिघडलेलं नसतं. आपल्याला येतं की नाही, हे कळायची वेळ अजून आलेली नसते. नवशिक्या माणसाला कौन सा सिंथ हा प्रश्न इतका आवडतो तो यामुळे, असं मला वाटतं. बाहेर कडुनिंबाचा मोहोर गळायचा, अंगणात आईनं झाडलं की अर्ध्या तासात पुन्हा पिवळट सडा. परीक्षेची पोरं घोकत असायची. आणि मी एका आवाजावरून दुसऱ्यावर.

मला बाबांचा बँजो हवा होता. त्यांचा हात गेला, तर निदान आवाज राहावा, असं माझ्या डोक्यात होतं. बाबांच्या डोक्यात तसं काही नव्हतं. एका सिंथमध्ये मोठमोठी पितळी वाद्यं एकदम वाजवल्यासारखा एक आवाज होता, लग्नाच्या बँडपेक्षा दसपट भपकेदार. तो लागला की बाबांचा चेहरा उजळायचा.

"हा ठेव," ते म्हणाले.

"बाबा, हा किती बटबटीत आहे. तुमचा बँजो कुठे, हा कुठे."

"काहून, बँजोत काय होतं? आयुष्यभर तो चिरका आवाज ऐकला मी. मांडवाच्या बाहेर जात नव्हता. गाडीवर वाजणार आहे न, मोठा पाहिजे."

मला राग आला. मी त्यांची आठवण जपायला निघाले होते आणि त्यांना ती नकोच होती. वर मलाच समजावत होते, "तू जुनं पकडून बसून राहिली, पोरी."

एका दुपारी लॅपटॉप पुन्हा गोठला. मी वैतागून उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते नेहमीसारखा एकच सूर छेडत होते. मी सहज एक बटण दाबलं. सूर वर गेला. त्यांनी पुन्हा छेडलं, मी दुसरं दाबलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे चुकलं. मग ते मानेनंच सांगत गेले आणि मी दाबत गेले, आणि गाण्याची पहिली ओळ निघाली. बटण माझं, तार त्यांची. आई दारात उभी राहून पाहत होती, हाताला कणीक तशीच. त्या दिवशी मला कळलं की बँजोचा आवाज तारेचा नसतोच निव्वळ. आधी बटणाचा लाकडी टक् येतो आणि त्याच्या अगदी मागोमाग तार. तो टक् कुठल्याच तयार आवाजात नव्हता.

शेवटी मी जो सिंथ घेतला तो सगळ्यांत साधा होता. बटणं थोडी, दिसायला ओबडधोबड, कोणत्याही व्हिडिओत त्याचं कौतुक नव्हतं. पण तो माझ्या लॅपटॉपवर न गोठता चालायचा. म्हणजे खरं तर निवड लॅपटॉपनंच केली. त्यात मी शून्यातून आवाज बांधला. पुढे तो टक्, मागे तार, आणि खाली बाबांना हवा होता तसा भपका. वाजवायला पियानोच्या पट्ट्या नव्हत्या, लॅपटॉपच्या अक्षरांच्या बटणांवरच बोटं चालवायची. बाबा ते बघून म्हणाले, "हा तर आपलाच बँजो हाय." मग ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "आता मोठा झाला."

आत्याचं गाणं आम्ही भर दुपारी रेकॉर्ड केलं. कूलर बंद, पंखा बंद, आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आत्या रजईच्या आत. घामानं निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "गाणं झालं, की माझं बाष्पस्नान झालं?" चौथं कडवं तिनं तीनदा म्हटलं, कारण दौलत आलं की ती रजई बाजूला करून भावाकडे बघायची. मी तिसऱ्या वेळचं ठेवलं.

जयंतीच्या संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आईनं त्यांचे केस ओले करून विंचरले. गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची ठेवली. आई जुलुसातल्या लोकांना द्यायला सरबतानं भरलेला मोठा गंज घेऊन उभी होती. शेजारी आम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांची नजर रस्त्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त. गाडी आली. गुड्डू भैयानं शब्द पाळला, ती बरोबर आमच्या गेटसमोर थांबवली.

टन-टन सुरू झालं आणि रस्ता हलला. मी हे अतिशयोक्तीनं सांगत नाही, खिडकीची काच थरथरली. पोरं उड्या मारायला लागली. आत्याचा आवाज आला, मुखडा झाला, पहिलं कडवं झालं. बाबा उजव्या हाताचं एक बोट दुमडून बसले होते. मग पुन्हा टन-टन. लोकांनी ओरडून आणखी मागितलं, म्हणून पुन्हा टन-टन. नुसतं तेवढंच, गोल गोल. बाबा दुसरं बोट दुमडायच्या तयारीत. पुन्हा टन-टन. आणि मग त्यावरच दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याचा ठेका चढला आणि गाडी पुढे निघाली.

बाबा म्हणाले, "तीन कडवी राहिली न अजून?"

आई म्हणाली, "समोरच्या चौकात लावतील."

तिला माहीत होतं, मला माहीत होतं. बाबा तरी बसून राहिले. गाडीमागून बायकांचा जथा गेला, मुलं गेली, पाण्याचा टँकर गेला, शेवटी पोलिसांची जीप गेली. रस्त्यावर सरबताचे ग्लास आणि निळा गुलाल उरला. मी म्हटलं, बाबा, चला आत. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. म्हणाले, "आवाज मोठा पाहिजे, मीच म्हणत होतो." त्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला अजून सहन होत नाही. निदान शिवी तरी द्यायची कोणाला.

शिवी मी दिली, दुसऱ्या दिवशी. गुड्डू भैया मिठाई घेऊन आला होता. मी विचारलं, पूर्ण गाणं का नाही लावलं? तो खरोखर गोंधळला. "दीदी, पूरा कौन सुनता है? पब्लिक को वो टन-टन चाहिए था. वो क्या चीज़ बनाई है आपने, एक नंबर." आणि मग, "वो साउंड कौन से सिंथ का है?" मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं वाईट मानलं नाही. ती मिठाई आईनं शेजारी वाटून टाकली.

पुढच्या वर्षासाठी मी बाबांना म्हटलं, गाणं थोडं बदलू. नाव पहिल्याच कडव्यात घेऊ, म्हणजे कापायला जागाच राहणार नाही. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी घाण बोलले. "नाव शेवटीच येते," ते म्हणाले. "पहिले गाणं, मग माणूस. आपण काय दुकानाची पाटी लावून राहिलो?" मी वाद घातला. म्हटलं, शेवटपर्यंत कोणी थांबत नाही आता. ते म्हणाले, "नाही थांबले त नाही थांबले." रीत सोडायला ते तयार नव्हते आणि लोक ऐकायला तयार नव्हते, आणि मध्ये मी, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गाडीत नुसतं टन-टन होतं, आत्याचा आवाजही गेलेला. त्याच्या पुढच्या वर्षी ते शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या गाडीवर ऐकू आलं, मग रांझीकडच्या. कोणी ते कापून घेतलं, कोणी त्यावर स्वतःचं गाणं चढवलं. बाबा त्या पहिल्या जयंतीनंतर आणखी दोन जयंत्या गेटजवळ बसले. दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट, दोन्ही वेळा टँकर जाईपर्यंत. मग ते गेले. आत्या त्यांच्या आधी गेली होती.

आज मी याच कामावर पोट भरते. साड्यांच्या सेलची जाहिरात, ई-रिक्षावर फिरणारी कोचिंगची घोषणा, लग्नाआधीच्या व्हिडिओंचं संगीत. सिंथही आता चांगले आहेत, लॅपटॉपही गोठत नाही. हवा तो आवाज मी पाच मिनिटांत काढून देते. गिऱ्हाईक खूश असतं. नाव कुठेच येत नाही आणि कोणाला त्याचं काही वाटतही नाही, मलाही वाटत नाही, असं मी म्हणते. बँजो कपाटावर आहे. त्याच्या बटणांत धूळ बसली आहे, दर दिवाळीला आई ती पुसते आणि दाबून बघते. तार छेडायला कोणी नसतं, म्हणून नुसता टक् होतो.

पलकला मी आधी लांबलचक लिहायला घेतलं. की तो आवाज ट्रेडिशनल नाही. की त्यात तुझ्या आजीचा गळा होता, तो कापून टाकला. की चार कडवी होती. लिहिता लिहिता मला स्वतःचाच कंटाळा आला. मुलीनं साधा प्रश्न विचारला आहे आणि मावशी पुराण सांगते आहे. ते सगळं मी काढून टाकलं. बाहेर मेन रोडवर गाडी आली होती आणि खिडकीची काच थरथरायला लागली होती. आई सरबताचा गंज घेऊन गेटजवळ गेली. खुर्ची ती आता ठेवत नाही.

मी लिहिलं, "कोणताही घे. लॅपटॉपला झेपेल तो. फक्त गाणं केलंस तर नाव पहिल्याच ओळीत घाल."

लगेच उत्तर आलं. "अच्छा. किसका नाम, मावशी?"

मी 'दौलत' असं लिहिलं. पलकचा पुढचा प्रश्न मला माहीत होता, कौन दौलत. मी ते पुसलं आणि लिहिलं, "तुझं."